पुस्तकाची वाट बघणारं कोणीतरी असतं, चित्राची नसतं

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळच्या गावात राहणाऱ्या एका तरुण चित्रकर्तीने लिहिलंय: जी.डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका पेंटिंगमध्ये झाली, घरी राहून जलरंग आणि ॲक्रिलिकमध्ये काम करते, शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवते. पुण्याच्या एका प्रकाशकाने लहान मुलांच्या २४ पानी पुस्तकाची चित्रं कराल का असं विचारलंय, मोबदला एकरकमी. ओळखीचे एक ज्येष्ठ चित्रकार मात्र म्हणाले, 'एकदा पुस्तकांच्या मागे लागलीस की गॅलरीवाले तुला चित्रकार मानणार नाहीत.' पुस्तक घ्यावं का? घेतलं तर वेगळ्या नावाने करावं का? आणि दोन्ही कामं बरोबरीने जमतात का?

मी वेंगुर्ल्यात राहते. कॅनव्हासवरचं काम आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं, दोन्ही बरीच वर्षं करते आहे आणि माझं घर या दोन्हींवर चालतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या ज्येष्ठांच्या बोलण्याबद्दल. पुस्तकाची चित्रं केल्याने चित्रकार खालच्या पायरीवर जातो, याला आपल्या इतिहासात आधार सापडत नाही. म. वि. धुरंधर हे मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतलं केवढं मोठं नाव. मॅकमिलन या प्रकाशन संस्थेने १९१४ साली काढलेल्या सी. ए. किंकेड या इंग्रज लेखकाच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स'मध्ये चित्रं त्यांची आहेत, आणि त्या गोष्टी म्हणजे आपल्याच श्रावणातल्या कहाण्या. रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बंगाली पुस्तकासाठी चित्रकार नंदलाल बोस यांनी लिनोकट (लिनोलियम कोरून घेतलेले ठसे) केले, ते १९३० साली. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन बडोद्याच्या कलाशाळेत विद्यार्थ्यांबरोबर भरवल्या जाणाऱ्या फाइन आर्ट्स फेअरसाठी मुलांची पुस्तकं करत. ही पुस्तकं केली म्हणून यांच्यातल्या कोणाचंही चित्रकार म्हणून स्थान कमी झालं नाही.

तरी त्या बोलण्यात एक खरा भाग आहे आणि तो सोडून देऊ नये. गॅलरीत किंवा निवड समितीपुढे तुमची दहा-बारा चित्रं जातात तेव्हा बघणारा त्यांच्यात एक धागा शोधतो. हा माणूस कशाच्या मागे आहे, ते त्याला कळायला हवं असतं. त्याच फाइलमध्ये चार चित्रं जांभ्याच्या खाणीची, दोन पोर्ट्रेट आणि तीन हसऱ्या सशांची असतील तर धागा तुटतो. दोष सशांचा नाही, गठ्ठ्याचा आहे. दोन पोर्टफोलिओ ठेवा, इन्स्टाग्रामवर दोन वेगळी खाती ठेवा, आणि एकाचं काम दुसऱ्यात टाकायचा मोह टाळा. एवढ्याने त्या शंकेचा बराचसा बंदोबस्त होतो.

नाव मात्र एकच ठेवा. दोन नावं घेतली की श्रेय विभागलं जातं, परिचयपत्रातली वर्षं रिकामी दिसतात, आणि तुमचं पुस्तक आवडलेले पालक प्रदर्शनाला यायचे राहतात. माझ्याकडून चित्र विकत घेणाऱ्यांमध्ये आधी मुलांसाठी पुस्तक घेतलेली माणसं बरीच आहेत. टोपणनाव योग्य ठरेल अशी परिस्थिती मला एकच दिसते: गाईडं, व्यवसायमाला असं निव्वळ पोटापाण्याचं काम, जे तुम्हाला स्वतःलाच आपलं म्हणून दाखवायचं नसतं. हे पुस्तक तसं नसावं अशी आशा आहे. तसं असेल तर मुळात घेऊच नका.

आता खरा प्रश्न, जो तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. दोन्ही जमतं का? जमतं. पण अडचण जिथे असेल असं तुम्हाला वाटतंय तिथे ती नाही. शैलीवर किंवा प्रतिष्ठेवर ही दोन कामं भांडत नाहीत. भांडण होतं ते एका साध्या कारणाने: पुस्तकाची वाट बघणारं कोणीतरी असतं. संपादक असतो, लेखक असतो, छपाईची तारीख असते, फोन येतो. चित्राची वाट कोणीच बघत नसतं. तुम्ही ते या महिन्यात पूर्ण केलं नाहीत तर जगात कोणाचंही काही अडत नाही. त्यामुळे दोन्ही कामं एकाच टेबलावर ठेवली तर दर वेळी पुस्तक जिंकतं, तेही योग्य कारणाने जिंकतं, आणि चित्र 'हे संपलं की' या खात्यात जातं. पुस्तक संपतं, दुसरं येतं. चांगलं काम करणाऱ्याकडे तर नक्कीच येतं. अशी वर्षं जातात.

म्हणून माझी सगळी व्यवस्था एका गोष्टीभोवती उभी आहे: ज्या कामाची कोणी वाट बघत नाही त्याला आधी जागा द्यायची, आणि वाट बघणाऱ्या कामाला उरलेल्या जागेत बसवायचं. उलट केलं की चित्र मरतं.

हे प्रत्येकीला सारखंच जमेल असं नाही, ते आधीच सांगते. घरात दुसरं उत्पन्न आहे का, लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, पसारा तसाच ठेवून दार लावता येईल अशी एक खोली आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही तासिकांवर आहात, म्हणजे मे महिन्यात पैसे नाहीत आणि जूनमध्येही पहिला हप्ता हातात येईपर्यंत ओढाताण. अशा वेळी पुस्तकाची रक्कम हा मोठा आधार असतो आणि तो नाकारा असं मी कधीच म्हणणार नाही. पहिली दोन वर्षं पैशाच्या बाजूने झुकून निर्णय घ्यावे लागले तरी चालतील. फक्त चित्राची जागा शून्यावर जाऊ देऊ नका.

जागा म्हणजे काय? बरेच जण सकाळी दोन तास चित्र, दुपारी पुस्तक असं वेळापत्रक करतात. मला ते पटत नाही, कारण दोन्ही कामांत निर्णय घ्यायची रीत वेगळी आहे. पुस्तकात बहुतेक प्रश्नांना उत्तर असतं आणि ते लवकर शोधायचं असतं: आजीची साडी कुठल्या रंगाची, मांजर कुठून आत येतं, मजकूर वर की खाली. चित्रात तुम्हाला बराच काळ काहीच माहीत नसताना तिथे टिकून राहावं लागतं. चार दिवस एका करड्या पट्ट्याकडे बघत बसणं हेही तिथे काम असतं. पुस्तकाच्या घाईत तापलेलं डोकं दुपारी चित्राकडे वळवलं की ते चित्रातही झटपट उत्तरं शोधायला लागतं. मग आकाश नेहमीसारखं, समुद्र नेहमीसारखा. म्हणून दिवस वाटू नका, महिने वाटा.

आणि आपल्या कोकणात महिने वाटणं सोपं आहे, कारण हवाच ते वाटून देते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हवेत इतका दमटपणा असतो की जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, सुकायचं नाव घेत नाही. पहिला थर ओला असतानाच दुसरा द्यावा लागतो आणि रंग मळतो. कागदाचं सायझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप) ओल धरतं, त्यावर बुरशी येते, मग जिथे रंग लावाल तिथे टीपकागदासारखा शोषला जातो आणि तपकिरी ठिपके उठतात. ऑइल लावलंत तर दोन-दोन आठवडे चिकट राहतं. ॲक्रिलिक त्यातल्या त्यात निभावतं, पण अशा हवेत व्हार्निश केलं की त्यावर पांढुरकी साय येऊ शकते. बाहेर बसून काम करण्याचा तर प्रश्नच नाही. वीज जाते, इंटरनेट जातं.

याच चार महिन्यांत पुस्तकाचं डोक्याचं काम उत्तम होतं. गोष्ट पुन्हा पुन्हा वाचणं, पात्रं ठरवणं, थंबनेल म्हणजे छोटी रेखाटनं काढून स्टोरीबोर्ड (पानांचा क्रम) लावणं, कागद दुमडून पुस्तकाची डमी म्हणजे नमुना करणं, पेन्सिलीत रफ (कच्ची चित्रं) काढणं. यातल्या कशालाच कोरडी हवा लागत नाही. साधा कागद, पेन्सिल, फार तर काळी शाई. माझ्याकडे पुस्तकं जूनमध्ये सुरू होतात आणि सगळ्या पानांचे रफ गणपतीच्या आधी संपादकाकडे जातात. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, तेव्हा काम धरायचंच नाही. संपादकाला तेवढ्यात रफ बघायला वेळ मिळतो. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये रंगकाम आणि दिवाळीच्या आसपास फायनल. २४ पानांचं पुस्तक नीट केलं तर एकूण चार महिने धरावेत असा माझा हिशेब आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त काम रंगाला हात लावायच्या आधीचं.

दिवाळीनंतर मार्चपर्यंतचे महिने चित्राचे. हवा कोरडी, उजेड स्वच्छ, सकाळी समुद्रावर धुकं असतं ते नऊपर्यंत टिकतं. या काळात मी पुस्तक घेत नाही. प्रकाशकांना मी तसं आधीच सांगते आणि आश्चर्य म्हणजे बहुतेकांना ते चालतं. मुलांच्या चांगल्या पुस्तकाची घाई क्वचितच खरी असते. 'मी जूनमध्ये सुरू करून नोव्हेंबरमध्ये देईन' असं ठाम सांगणारा चित्रकार त्यांना 'लगेच करते' म्हणून सहा महिने लांबवणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. शिमग्यात तुमच्याकडे पालखी घरी येते, त्या आठवड्यात काहीच होणार नाही, तेही हिशेबात धरा. एप्रिल-मे मी मोकळे ठेवते, कारण आंबा-काजूच्या दिवसांत इथे कोणाचंच वेळापत्रक चालत नाही. तुमची बाग नसेल तर मे महिना शाळेच्या सुटीचा आहे, तो तुम्हाला चित्रासाठी जास्तीचा मिळेल. तुमच्या शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांची तयारी पावसात येते. तेव्हा पुस्तकाचं रोजचं काम थोडं कमी धरा.

हिवाळ्यात चित्र करायचं ठरवलं तरी वाट बघणारं कोणी नाही ही अडचण उरतेच. त्यावर उपाय म्हणजे वाट बघणारं कोणीतरी तयार करणं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची संस्था आहे, तिचं वार्षिक प्रदर्शन असतं. राज्य कला प्रदर्शन असतं. त्यांच्या प्रवेशिकांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि निवड होवो न होवो, दर वर्षी पाठवा. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत स्वतःच्या प्रदर्शनासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून 'तयार झाले की अर्ज करीन' म्हणू नका, अर्ज आत्ता करा. थांबण्याच्या काळात चित्रं तयार होतील. आणि एक माणूस शोधा, वर्गातली मैत्रीण चालेल, जी दर फेब्रुवारीत तुमच्याकडे येऊन दोन दिवस राहील आणि वर्षभराचं काम भिंतीला लावून बघेल. ती येणार आहे म्हणून कितीतरी चित्रं पूर्ण होतात.

पावसात चित्राला हात लागत नाही, तर ते विसरायला होतं का? एक अपूर्ण चित्र मी जेवणाच्या खोलीत समोर लावून ठेवते. त्यावर काम करायचं नाही, येताजाता बघायचं. ऑक्टोबरपर्यंत त्याचं काय करायचं ते बहुतेक कळलेलं असतं. पूर्ण झालेली चित्रं मात्र पावसात भिंतीला टेकवून ठेवू नका, चिऱ्याची भिंत ओल धरते. फळीवर, भिंतीपासून लांब, कागदांमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. एका कामातून दुसऱ्या कामात काय येऊ द्यायचं आणि काय नाही?

तुम्ही पेंटिंग शिकलात, त्यामुळे पहिल्या पुस्तकात तुम्ही प्रत्येक पान स्वतंत्र चित्र म्हणून पूर्ण कराल, अशी मला भीती आहे. रचना बंदिस्त, नजर मध्ये थांबलेली, चारही कोपरे सांभाळलेले. प्रदर्शनात हे गुण आहेत. पुस्तकात अशा चित्रापाशी मूल थांबतं आणि पान उलटायचं कारण त्याला उरत नाही. पुस्तकातलं चित्र पुढच्या पानाकडे कललेलं हवं. कोणाचा तरी हात चौकटीबाहेर गेलेला, कोणीतरी उजवीकडे बघत असलेलं, एखादी गोष्ट अर्धीच दिसणारी.

हे शिकायला तुम्हाला लांब जायला नको. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, तिथलं संग्रहालय एकदा बघून या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं असतात, गोष्ट गात-सांगत एकेक चित्र समोर धरायचं, झालं की पुढचं. ती चित्रं नीट बघा. माणसं मोठ्या डोळ्यांची, एका बाजूला वळलेली, पार्श्वभूमी जवळपास नाहीच. डोंगर, महाल, जंगल हे सगळं सांगणाऱ्याच्या आवाजासाठी सोडलेलं आहे. मुलांच्या पुस्तकातही असंच असतं: मोठं माणूस वाचतं, मूल चित्र बघतं. आवाज जे सांगतो तेच चित्राने पुन्हा सांगितलं तर मुलाला बघायला काही उरत नाही. 'पाऊस थांबेना आणि आई काही येईना' असं वाक्य असेल तर पाऊस आणि रडवेलं मूल काढू नका. पडवीत ओळीने ठेवलेल्या चपला काढा आणि त्यातली एक जागा रिकामी ठेवा. मुलं ती रिकामी जागा पहिल्याच वाचनात शोधतात, आणि आपण शोधली याचा त्यांना आनंद होतो.

उलटा धोकाही तितकाच खरा आहे आणि तो दोन-तीन पुस्तकांनंतर दिसायला लागतो. पुस्तकात आपण सगळं समजेल असं काढायला शिकतो. ती सवय हळूच कॅनव्हासवर येते. बाईच्या डोक्यावर टोपली असेल तर टोपलीत बांगडे दिसलेच पाहिजेत असं वाटायला लागतं. चित्राला शीर्षक देताना गोष्ट सुचायला लागते. हे दिसलं की मी मोठ्या आकारावर जाते, रुंद ब्रश घेते, आणि आकृती नसलेलं काहीतरी करते, खाजणातलं पाणी, जळलेली भाजावळ, चिऱ्याचा कापलेला उभा काठ. आकार आणि हत्यार बदललं की हाताची सवय मोडते. नुसतं 'मोकळं काम करू' असं ठरवून ती मोडत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे मुक्तपणे येऊ द्या: बघणं. शहरात बसून काढलेलं कोकण तुम्ही पुस्तकांत पाहिलं असेल, दोन माड, एक होडी, मावळता सूर्य. आपल्या मुलांना त्यात स्वतःचं गाव सापडत नाही. गडग्यावरचं शेवाळ पावसाच्या आधी कुठल्या रंगाचं असतं, पाखाडी उतरताना म्हातारं माणूस हात कुठे टेकतं, रापण ओढताना दोरीवर माणसं कशी रेलतात, मांगरात काय काय टांगलेलं असतं, हे तुम्हाला रोज दिसतं. रेखाटनवही एकच ठेवा. त्यातलं कुठलं पान चित्रात जाईल आणि कुठलं पुस्तकात, ते काढताना ठरवायची गरज नाही.

तांत्रिक बाबी पटकन सांगते. चित्रं ए-थ्रीच्या आत ठेवा, त्याहून मोठं स्कॅन करायला आपल्याकडून मुंबई-पुणं गाठावं लागतं. छापायच्या आकारात किमान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) मिळायला हवेत. जाड थर देऊ नका, स्कॅनमध्ये त्यांच्या सावल्या पडतात. कडेने ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जास्तीचा भाग, सोडा, आणि समोरासमोरच्या दोन पानांवर एकच चित्र असेल तर चेहरा मधल्या घडीत जाऊ देऊ नका. मजकूर चित्रात हाताने लिहू नका. तो वेगळा आणि फक्त काळ्या शाईत असला की छपाईची फक्त काळ्या रंगाची प्लेट बदलून तेच पुस्तक दुसऱ्या भाषेत छापता येतं. आणि तुम्हाला आवडतो तो झळझळीत निळा-हिरवा समुद्र चार रंगांच्या छपाईत मंद होतोच. एक पान आधी छापून बघा आणि त्या हिशेबाने रंग निवडा.

आता करार. इथे मी घाई करणार नाही, कारण दोन्ही कामं एकमेकांना आधार देतील की एक दुसऱ्याला खाईल, हे बरंचसं कागदावर ठरतं.

'एकरकमी' हा शब्द स्वतःहून वाईट नाही. त्या रकमेत काय काय दिलं जातंय ते बघायचं. मूळ चित्राचा कागद आणि त्या चित्राचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्राचा पहिला हक्क साधारणपणे चित्रकाराचा असतो, पण कलम १७ मध्ये अपवाद आहे: कोणी मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं तर, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क त्या सांगणाऱ्याकडे जातो. पुस्तकातलं चित्र यात बसतं की नाही याचा वाद पुढे घालण्यापेक्षा 'चित्रांचा कॉपीराइट चित्रकर्तीकडे राहील' ही ओळ आत्ताच लिहून घ्या. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. कलम ५७ तुम्हाला आणखी एक संरक्षण देतं: हक्क विकल्यानंतरही तुमचं नाव मागण्याचा, आणि चित्राची मोडतोड करून तुमच्या नावाला धक्का लावला तर हरकत घेण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

मी काय मागते ते सांगते. प्रकाशकाला मराठी छापील पुस्तकाचा हक्क, ठरावीक वर्षांसाठी किंवा ठरावीक प्रतींसाठी. दुसऱ्या भाषा, कॅलेंडर, खेळणी, ॲनिमेशन यांचा विचार वेळ येईल तेव्हा वेगळा. मुखपृष्ठावर लेखकाबरोबर चित्रकर्तीचं नाव. पैसे तीन टप्प्यांत: करारावर सही, रफ मान्य, फायनल हातात. रफमध्ये हवे तितके बदल, रंग झाल्यावर एकदाच आणि किरकोळ. काम मध्येच थांबवलं तर झालेल्या टप्प्याचे पैसे. मूळ चित्रं परत. काही प्रकाशन संस्था पुस्तकं मुक्त परवान्याखाली काढतात. 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून तसं करतं. तिथे श्रेय देऊन कोणीही चित्र पुन्हा वापरू शकतं, व्यवसायासाठीसुद्धा. मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी ती पद्धत मला फार मोलाची वाटते, पण हो म्हणण्याआधी हे माहीत असायला हवं. पैशातून टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापला जाऊ शकतो, तेव्हा पॅन द्या आणि उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरा, म्हणजे कापलेली रक्कम परत मिळते.

मूळ चित्रं परत घेण्यावर मी एवढा जोर का देते? कारण पुस्तकातल्या मूळ चित्रांचं वेगळं प्रदर्शन भरवता येतं, शाळेत, वाचनालयात, तालुक्याच्या गावी सुद्धा. ती विकत घ्यायला लोक येतात, आणि त्या पैशावर हिवाळ्याचे चित्राचे महिने निघतात. पुस्तकाने चित्राला जगवावं, याची माझ्याकडची ही सगळ्यात सरळ वाट आहे.

तर आत्तापर्यंतचं असं: पुस्तक घ्या, स्वतःच्या नावाने घ्या, पावसात घ्या, हिवाळा देऊ नका, आणि करारात हक्क व मूळ चित्रं स्वतःकडे ठेवा.

प्रकाशकाला उत्तर लिहाल त्यात आधी गोष्टीचा पूर्ण मजकूर मागा. मजकूर न वाचता हो म्हणू नका. गोष्ट कमकुवत असेल तर पैसे चांगले असूनही चार महिने तिच्याबरोबर राहणं जड जातं. मग तारखा कळवा: रफ गणपतीच्या आधी, फायनल नोव्हेंबरमध्ये. त्यांना त्याहून लवकर हवं असेल तर का हवं आहे ते विचारा. पुस्तक महोत्सव किंवा अनुदानाची तारीख असं खरं कारण असेल तर या एका वेळी थोडं पुढे-मागे करा, पण डिसेंबर-जानेवारी सोडू नका. त्यानंतर कराराचा मसुदा मागवा. मूळ चित्रं परत देण्यावर ते बहुधा अडणार नाहीत, अडले तर हक्कांच्या मुदतीवर अडतील. तसं झालं तर मसुद्यातली ती ओळ, प्रकाशकाचं नाव काढून, इथेच टाका. काय उत्तर द्यायचं ते बघून सांगते.